शेवटच्या शेताला पहिलं पाणी

मराठवाड्यात स्वातंत्र्य दोनदा येतं. पंधरा ऑगस्टला एकदा, आणि निजामाच्या राजवटीतून सुटलो म्हणून सतरा सप्टेंबरला पुन्हा एकदा. मी मास्तरीण. दोन्ही दिवशी झेंड्याच्या दोरीची गाठ मलाच तपासावी लागते आणि दोन्ही दिवशी मुलांची भाषणं मलाच लिहून द्यावी लागतात. मुलं खूश असतात, कारण खाऊ दोनदा मिळतो. आमच्या गावात स्वातंत्र्य तिसऱ्यांदाही आलं होतं. त्याला झेंडा नव्हता, खाऊ नव्हता, आणि आज त्याचा विषय काढला की माणसं घसा खाकरून सोयाबीनच्या भावावर बोलायला लागतात. मला मात्र त्याच्याबद्दल बोलायचंय. रागानं बोलायचंय, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव औंढा तालुक्यातलं. सिद्धेश्वर धरणाचा कालवा गावाच्या वरच्या अंगानं जातो आणि त्यातून एक चारी फुटते. चारी म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारा लहान पाट. ती रानातून उतरत उतरत नाल्याच्या काठाशी येऊन संपते. चारीच्या तोंडाशी ज्यांच्या जमिनी त्यांना आमच्याकडे डोक्याकडचे म्हणतात आणि शेवटाला ज्यांच्या त्यांना शेपटाकडचे. आम्ही शेपटाकडचे, आणि त्यातही अगदी शेवटचे. आमच्यापुढे फक्त नाला. हे असं का, ते विचारायचं कारण नाही. आमच्या समाजाच्या जमिनी गावोगाव अशाच असतात, नाल्याला, खडकाला, नाहीतर मसणवट्याला लागून. आमच्या आधीच्या पिढीनं गावकीची कामं सोडली, देव सोडले, बुद्धाला शरण गेली, पण जमीन काही जागची हलली नाही.

हिवाळ्यात कालव्याला पाणी सुटतं ते थोड्या थोड्या दिवसांसाठी. त्याला पाळी म्हणतात. पाळी सुरू झाली की डोक्याकडचे आधी घेणार, मग मधले, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर वरून पाणी बंद. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दर पाळीला कोरड्या चारीत उतरायचे आणि वाकून मातीला हात लावायचे. ओल आली का बघायला. वर आले की हात धोतराला पुसायचे, जसा काही तो खरंच ओला झालाय. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. मोठेपणी यायचं बंद झालं.

पाण्याचा कारभार एका संस्थेकडे होता आणि संस्था एका माणसाकडे. त्यांना सगळे मोठे मालक म्हणत. चारीतून शेतात पाणी सोडायला लोखंडी दारं असतात; त्यांचं शेत पहिल्याच दाराला. संस्थेची निवडणूक असते, हे आमच्या गावाला ठाऊकच नव्हतं; अध्यक्षपद म्हणजे त्यांच्या घरातली वस्तू, आजोबाची घोंगडी असावी तशी. दारं उघडणारा पाटकरी गावात आला की आधी त्यांच्या ओसरीवर जायचा. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. लग्नाला टेम्पो द्यायचे, दवाखान्याला गाडी द्यायचे. फक्त पाणी तेवढं द्यायचे नाहीत.

आमच्या अलीकडचं, म्हणजे शेवटून दुसरं शेत काकांचं. काका रक्ताचे नव्हेत. ते गावातले, आम्ही वस्तीवरचे, आणि आमच्याकडे एवढं सांगितलं की माणसाला पुढचं कळतं. पण चारी कोरडी राहायची ती दोघांचीही. वडील आणि काका दुपारी बांधावर एका घोंगडीवर बसायचे, एकाच पुडीतला तंबाखू मळायचे आणि मालकांच्या नावानं बोटं मोडायचे. गावात वडील काकांच्या घरी गेले तर मात्र ओट्यावर बसायचे. त्यात दोघांनाही काही खटकत नव्हतं. खटकायला सुरुवात पुढं झाली, आणि तीही वडिलांना नाही, काकांना. म्हणून तर आम्ही त्यांच्यावर इतका जीव टाकला.

एका वर्षी पाऊस बरा झाला, धरण भरलं, आणि तरीही पाळीचं पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. पाऊस कमी असतो तेव्हा माणूस नशिबाला बोल लावतो. धरण भरलेलं असताना कोणाला लावणार? काका त्या दिवशी देवळासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ही रझाकारी झाली. म्हाताऱ्या माणसांनी तो शब्द ऐकला आणि ती उठून बसली. आमच्याकडे जुलमाला याच्यापेक्षा जड शब्द नाही.

दुसऱ्या पाळीच्या आधी शेपटाकडचे सगळे चारीत जाऊन बसले. रस्त्यावर नाही, कचेरीसमोर नाही, चारीत. अगदी पहिल्या दारापाशी, कोरड्या पाटात, रांगेनं. पाणी सोडायचं तर आमच्या अंगावरून सोडा, असा तो हिशोब. कल्पना वडिलांची, आवाज काकांचा. माझी शाळा कळमनुरीला; शनिवारी अर्धी शाळा करून मी एसटीनं यायची आणि रविवार संध्याकाळपर्यंत बायकांत बसायची. वस्तीवरची पोरं हलगी घेऊन आली होती, गावातली भजनी मंडळी टाळ घेऊन. पहिल्या दिवशी दोघं आळीपाळीनं वाजवत होते. नंतर नंतर एकत्र वाजवायला लागले आणि ते इतकं बेसूर व्हायचं की मालकांच्या बैलांनी वैरण सोडली, असं आमची आई सांगायची. भाकऱ्या कोणाच्या घरच्या, हे कोणी विचारलं नाही. मी बघत होते मुद्दाम. कोणीच विचारलं नाही.

डोक्याकडची पोरं बांधावरून ओरडायची, शेपटं, ए शेपटं. आम्हाला त्याचाच अभिमान वाटायला लागला. गावात प्रत्येक शब्दाला जात असते. आळीला असते, विहिरीला असते, मरणाला असते. शेपूट या एका शब्दाला नव्हती. काका म्हणायचे, आता आपली जात एकच, शेपटाची. आणि त्याच दिवसांत कधीतरी त्यांनी वडिलांना ओट्यावरून उठवून आतल्या खोलीत नेलं आणि काकूला चहा ठेवायला सांगितला. वडील घरी येऊन त्या खोलीबद्दल आईला सांगत होते. भिंतीला कोणता रंग, फळीवर कोणते डबे. आई म्हणाली, चहात साखर होती का ते सांगा.

शेवटी पाटबंधाऱ्याचे साहेब आले. मालकही आले. बोलणी चारीच्या काठावरच झाली, आणि ठरलं की संस्थेची रीतसर निवडणूक घ्यायची आणि इथून पुढं पाणी शेपटाकडून डोक्याकडं द्यायचं. मागणी एका ओळीत लिहायची होती. वडिलांनी ती तिथल्या तिथं सांगितली: पहिलं पाणी शेवटच्या शेताला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तरुण होते, जरा हुशार होते. त्यांनी विचारलं, शेवटचं शेत म्हणजे कोणतं, त्याचा गट नंबर टाकू का?

वडील हसले. "साहेब, पहिली जागा चोरतेत माणसं. शेवटची कोण चोरतंय? लिहून काहून ठेवायची?"

सगळेच हसले. साहेबही हसले आणि त्यांनी पेन खिशाला लावला. मीही हसले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेवटी उभे होतो. रांगेत, पंगतीत, पाणवठ्यावर. त्या जागेवरून आम्हाला कोणी ढकललं नव्हतं, कारण ती कोणाला नकोच होती. ती आमच्याकडून कोणाला हवीशी होईल, हे आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. डोक्याकडच्या माणसानं नंबर लिहून घेतला असता. त्याला जागेची किंमत कळते.

अध्यक्ष वडिलांनी व्हावं असं वस्तीवरच्यांना वाटत होतं. वडील म्हणाले, माझ्या नावावर गाव फुटेल, काकांच्या नावावर जुळेल. ते खरंही होतं. काका निवडून आले. मोठे मालक पडले. मिरवणुकीत काकांनी वडिलांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडता पडता वाचले.

मग पाणी आलं. वरची सगळी दारं बंद, मालकांचंही बंद, आणि पाणी त्यांच्या शेताला वळसा घालून, मधल्यांच्या बांधांना चाटत, कडब्याचा कचरा पुढं ढकलत आमच्यापर्यंत आलं. वडिलांनी चपला काढल्या आणि नुसते उभे राहिले. आईनं घरून भांड्यांची पाटी आणली होती. कशाला, म्हणून मी विचारलं, तर ती बांधावर बसली आणि त्या पाण्यात एकेक भांडं घासून धुतलं. घरी हापशावर धुतलेली, स्वच्छ भांडी. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतरच्या सगळ्या गोष्टींवरून कोणी म्हणेल की ते सगळं खोटंच होतं, लोकांनी उठून काही होत नसतं. खोटं नव्हतं. मी ती भांडी घरी वाहून आणली आहेत.

दोन हिवाळे चांगले गेले. आमच्या रानात पहिल्यांदा गहू झाला. आणि वडिलांनी भावाला फोन केला.

भाऊ माझ्याहून लहान. पुण्याकडे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. बायको-लेकरू तिथंच, पत्र्याच्या खोलीत. वडील त्याला म्हणाले, ये. आता आपण शेवटचे म्हणून पहिले आहोत. त्यांचं ते वाक्य मला अजून आठवतं, कारण फोनवर वडील कधी इतकं मोठं बोलत नाहीत. भाऊ लगेच आला नाही. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, पाणी पक्कं ना? वडील म्हणाले, पक्कं. मग त्यानं नोकरी सोडली, खोली सोडली आणि बायको-लेकरासकट आला. आल्यावर त्यानं हळद लावली. हळदीला हिंगोली जिल्ह्यात सोनं म्हणतात, पण हे सोनं जवळजवळ वर्षभर जमिनीत असतं आणि पाऊस संपला की पाणी मागतं. आमची विहीर ही दिवाळीपर्यंतची सोबतीण. पुढचं सगळं चारीवर. म्हणजे वडिलांच्या शब्दावर.

हळद लावली त्या उन्हाळ्याच्या आधी कधीतरी काका घरी आले होते. आमच्याकडे जेवले, आईच्या हाताची मुगाची भाजी मागून घेतली. मग म्हणाले, आपल्याला पाणी आलं, पण नाल्यापल्याड काही जमीन अजून कोरडीच आहे. तुमच्या बांधाकडेनं दोन हात रुंद पट्टी दिली तर चारी तिकडं नेता येईल, नाल्यावर सिमेंटचे पाइप टाकू. मी भाकरी वाढत होते. वडिलांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, आपल्यामागंही कोणीतरी तहानलेलं असणार, हे मला आधी कळायला पाहिजे होतं. जमीन कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. तहानलेल्याचं नाव विचारायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पट्टी दिली. टिकाव घेऊन ती खणायलाही स्वतःच उभे राहिले.

पावसाळ्यानंतर नाल्यापल्याड जेसीबी आला. त्यानं पाणी साठवायला मोठं शेततळं खोदलं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि तळ्याच्या कडेला मोटर बसली. मोटरचा पाइप वर माळावर गेला आणि माळावर ऊस लागला. मग गावात हळूहळू कळत गेलं. ती जमीन काकांच्या मेहुण्यानं घेतली होती, आणि मेहुणा म्हणजे फक्त नाव, जमीन काकांचीच. चारी आता आमच्यापाशी संपत नव्हती. ती तिथं संपत होती. शेवटचं शेत आता आमचं नव्हतं.

हिवाळ्याची पाळी सुटली. पाणी आमच्या बांधावरून गेलं. आम्हीच दिलेल्या पट्टीतून, आमच्या हळदीला लागून, आमचं दार बंद ठेवून. नियमच तसा होता. आधी शेवटचं शेत भिजणार, मग पुढचं. पण तळं काही भरेना. इकडून पाणी यायचं, तिकडून मोटर उसाला उपसायची. भाऊ फावडं घेऊन दार उघडायला निघाला तर वडिलांनी त्याच्या हातातून फावडं घेतलं. म्हणाले, नियम आपण केला, आपणच मोडला तर मालक बरे होते असं होईल.  पाळी संपली आणि पाणी बंद झालं. दुसऱ्या पाळीलाही तेच. हळदीची पानं शेंड्यापासून वळायला लागली.

मी वडिलांना घेऊन काकांकडे गेले. खरं तर ते येत नव्हते, मी नेलं. काकांनी बसा म्हटलं. ओट्यावर. चहाही ओट्यावरच आला. मी तडकून विचारलं, काका, हे काय चाललंय? ते माझ्याकडे न बघता वडिलांशी बोलले.

"शेवटचं शेत आता कोणतं हाय, तुमीच सांगा. मी नियमाच्या भायेर एक थेंब घेतला का? पहिलं पाणी शेवटच्या शेताला. हे माझं वाक्य न्हाई, तुमचं हाय."

आवाजात जोर नव्हता. लाज असती तरी मला बरं वाटलं असतं. तीही नव्हती. असं बोलत होते जसं काही आम्हीच त्यांच्याकडे नियमबाह्य काही मागायला आलो होतो. वडिलांनी चहा पूर्ण प्यायला, कप बाजूला ठेवला आणि उठले. मला तेव्हा वडिलांचाही राग आला. तो चहा त्यांनी का प्यायला, हे मला आजवर कळलेलं नाही.

कुंपणानंच शेत खाल्लं, असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे. पण कुंपण आपण काट्याचं लावतो, त्याच्याशी एका घोंगडीवर बसत नाही. मोठ्या मालकांनी आम्हाला कधी फसवलं नाही. त्यांनी लुबाडलं, उघड, दिवसाढवळ्या, आणि आम्हीही त्यांना उघड शिव्या दिल्या. फसवायचं तर आधी आपलं व्हावं लागतं. काका आमचे झाले होते. माझा सगळा राग या एकाच गोष्टीचा आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

नंतर जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. शेपटाकडचेच लोक उठले आणि त्यांनी काकांना पाडलं. उठणं आता सोपं झालं होतं. एकदा केलेलं होतं, सवय लागली होती. पाडायला मतं कमी पडली ती डोक्याकडच्यांनी दिली, हसत हसत. नवा अध्यक्ष झाला. नवा गडी, नवं राज्य. त्यानं चिठ्ठ्या टाकून पाळी लावायची ठरवली. चिठ्ठ्यांत त्याच्या भावकीचीच नावं वर यायला लागली तेव्हा त्यालाही पाडलं. पुढच्यानं मधल्यांना आधी पाणी द्यायचं ठरवलं. पुढच्यानं काहीच ठरवलं नाही आणि तो सगळ्यांत जास्त टिकला. एकदा माणसं चारीत उतरून बसली ती एकमेकांकडे पाठ करून, दोन गट, मध्ये कोरडी जागा सोडून. हलगी त्याही वेळी होती, टाळही होते. दोन्हीकडून वेगवेगळं वाजत होतं. लोखंडी दारं कोणीतरी उपसून भंगारात विकली. पाटकरी यायचा बंद झाला, कारण कोणाच्या ओसरीवर जायचं हेच त्याला कळेना. चारी उपसायची कोणी, यावर भांडणं झाली आणि कोणीच उपसली नाही. तिच्यात बेशरमाची झाडं इतकी माजली की आता पाणी आलं असतं तरी त्याला वाट मिळाली नसती.

आणि मग ते वाक्य गावात फिरायला लागलं. आधी पानटपरीवर, मग देवळाच्या पायरीवर, मग आमच्या वस्तीवरसुद्धा. पहिलंच बरं होतं. मालकांच्या वेळी उरलेलं तरी यायचं. कधी यायचं? मी वडिलांबरोबर त्या मातीला हात लावलाय. पण माणसाला आजचं सोसवेना की तो कालचं गोड करून घेतो.

हल्ली मोबाइलवर दूरदेशीच्या बातम्या दिसतात. लोक हजारोंनी रस्त्यावर येतात, राजवाड्यात घुसतात, राजाच्या पलंगावर लोळून फोटो काढतात. शाळेतले तरुण मास्तर ते मला दाखवतात, म्हणतात, मॅडम, बघा लोकांची ताकद. मी बघते. त्यांची ताकद खरी आहे हे मला कुणी शिकवायला नको. मी पण त्या गर्दीत भाकरी खाल्ली आहे. फक्त मी फोटोतल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवते आणि मनात म्हणते, नाल्यापल्याडची जमीन यातला कोण बघून ठेवतोय? आणि दुसरं कोणीतरी, गरीब, भाबडं, पट्टी खणून देत असेल. मास्तरांना वाटतं मला राजकारण कळत नाही.

भावाची पहिली हळद निम्मी गेली. काढली तेव्हा कांड्या पोसलेल्याच नव्हत्या. आईनं हातात घेऊन बघितल्या आणि तशाच परत ठेवल्या. दुसऱ्या वर्षापासून त्यानं ती लावली नाही, हरभराच पेरत राहिला. कंपनीतून जुन्या सोबत्यांचे फोन यायला लागले होते. तरी तो वर्षामागून वर्ष थांबला होता. आणि मग संस्थेची सभा ठरली, जिच्यात मोठ्या मालकांना पुन्हा अध्यक्ष करायचं चाललं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी भाऊ वडिलांजवळ बसला. मी आणि आई तिथंच तूर निवडत होतो. तो म्हणाला, दादा, मालक होऊ द्या नाहीतर कोणीही होऊ द्या. तुम्ही फक्त उभं राहून एक सांगा. शेपटाचा नियम पुन्हा लावा आणि शेवटचं शेत कोणतं, त्याचा गट नंबर या वेळी लिहा. कोणी ऐको न ऐको, तुम्ही बोला. एवढं तुम्ही बोललात तर मी अजून एक वर्ष थांबतो. वडिलांनी मान हलवली. मला वाटलं, ती होकाराची. आईलाही तसंच वाटलं, कारण तिनं सकाळी त्यांचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं.

सभा देवळाच्या मांडवात होती. मी सभासद नाही, मागं बायकांत बसले होते. काका आले होते, एका खांबाला टेकून. मोठे मालक पुढं, पांढऱ्या कपड्यांत, दुखण्यातून उठलेल्यासारखे दिसत होते आणि लोक त्यांच्याकडे मायेनं बघत होते. कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. कोणाला काही बोलायचंय का, असं विचारलं गेलं. भाऊ वडिलांच्या शेजारी होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती वडिलांकडे वळलेली होती. वडील उठतील म्हणून मी पदर तोंडाला लावून बसले. ते उठले नाहीत. मग हात वर करा म्हटलं, आणि वडिलांनी हात वर केला. मालकांसाठी. वस्तीवरच्या सगळ्यांचे हात वर गेले, कारण वडिलांचा गेला होता. काकांनीही केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काका आणि वडील एका बाजूला होते.

मला वडिलांचा चेहरा बघवला नाही, भावाचा तर नाहीच. ज्या माणसानं आम्हाला चारीत बसवलं, त्याचा हात त्या माणसासाठी वर होता ज्याच्याविरुद्ध आम्ही बसलो होतो. काकांनी आम्हाला फसवलं तेव्हा मी चिडले होते. त्या दिवशी मी चिडलेही नाही. 

घरी आल्यावर भावानं पिशवी काढली. आरडाओरडा नाही, काही नाही. कपडे घड्या घालून ठेवत होता. आई दारात बसून राहिली. तोच बोलला, घडी घालता घालता.

"काकानं तुमाला फसवलं, हे मला दिसतं दादा. पण पुण्याहून मला काकानं न्हाई बोलावलं. तुमी बोलावलं."

वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा आवाज इतका हळू होता की आईनं मान वळवून ऐकला.

"व्हय. पण उठून बोललो असतो, तर पुन्हा चारीत बसावं लागलं असतं. आता मी कोणासंगं बसू?"

भावानं हातातला शर्ट खाली ठेवला.

"मी होतो की."

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भाऊ बायको-लेकराला घेऊन पुण्याला गेला.